टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा इतिहास घरच्या कॅसेटींतून कसा जुळवावा

टीव्हीवर वर्षानुवर्षे चाललेल्या गाण्याच्या कार्यक्रमाचा इतिहास वाहिनीकडे तयार मिळेल, ही समजूत सुरुवातीलाच सोडलेली बरी. दूरदर्शनच्या पहिल्या दशकांत चित्रफीत महाग होती. एकाच फितीवर पुन्हा पुन्हा मुद्रण व्हायचे आणि आधीचे पुसले जायचे. खासगी वाहिन्या आज पुन्हा दाखवतात त्या अंतिम फेऱ्या आणि गाजलेली गाणी. मधले भाग, निवेदकाची बडबड, पहिल्याच फेरीत घरी गेलेले स्पर्धक, शेवटी भरभर सरकणारी वादकांची नावे, हे कुठे उरले असेलच तर घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटींत. गोव्यात अशा कॅसेटी निघतात, कारण आखातात नोकरीला गेलेली माणसे सुटीवर येताना व्हीसीआर घेऊन यायची. आणि दमट हवेमुळे गोव्यात त्या लवकर खराबही होतात.

कॅसेट हाती आली की बहुतेक जण गाणे तेवढे उतरवून घेतात आणि बाकीचे कापतात. इतिहास लिहायचा असेल तर याच्या उलट करावे लागते. गाणे कोणत्या दिवशीचे हे गाणे सांगत नाही, त्याच्या मागेपुढे असलेल्या जाहिराती, बातम्यांचा तुकडा आणि ‘यानंतर पाहा’ची पाटी सांगते. म्हणून कॅसेट पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, मुंग्यांसकट उतरवा.

सांगाडा आधी

कॅसेटींना हात लावण्यापूर्वी कार्यक्रमाच्या ठाम तारखांचे एक पान तयार करा. उदाहरणादाखल ‘सा रे ग म’ घेऊ. १ मे १९९५ रोजी तो झी टीव्हीवर सुरू झाला, कल्पना गजेंद्र सिंह यांची, सूत्रसंचालन सोनू निगमचे. त्याच्यानंतर सरोदवादक अमान आणि अयान अली खान हे बंधू आले, मग शान. २००५ मध्ये नावात ‘प’ची भर पडली. तिकडे अल्फा मराठी १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये तिची झी मराठी झाली. तिच्यावर मराठी ‘सा रे ग म प’ २००६ मध्ये आले, सूत्रसंचालक पल्लवी जोशी, पहिला विजेता अभिजीत कोसंबी. लहान मुलांचे ‘लिटिल चॅम्प्स’ पर्व फेब्रुवारी २००९ मध्ये संपले आणि कार्तिकी गायकवाड जिंकली.

एवढ्या पानावरही कॅसेटीचा ढीग बराच चाळला जातो. कोपऱ्यात अल्फाचे चिन्ह असेल तर ती कॅसेट मराठी ‘सा रे ग म प’ची असूच शकत नाही, बहुधा ‘नक्षत्रांचे देणे’ किंवा तसाच दुसरा कार्यक्रम असणार. सूत्रसंचालक सोनू निगम असेल तर कॅसेट १९९५ नंतरची आणि नव्वदच्या दशकातलीच. वैशाली माडे दिसली तर मात्र थांबा: ती आधी मराठी पर्व जिंकली आणि २००९ मध्ये हिंदीही, आणि घरच्यांच्या आठवणीत हे दोन कार्यक्रम हमखास एक झालेले असतात.

पर्वांच्या आकड्यांवर विसंबू नका. कुणी मुलांचे पर्व धरून मोजतो, कुणी कलाकारांचे विशेष पर्व सोडून, त्यामुळे ‘सहावे पर्व’ म्हणजे दोन ठिकाणी दोन वेगळी पर्वे असतात. तुमच्या यादीत पर्वाला क्रमांक देऊ नका. सुरू झाल्याचे वर्ष आणि स्पर्धकांचा गट लिहा.

दूरदर्शनच्या कार्यक्रमांसाठी खुंट्या वेगळ्या. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून आल्या आणि रंग १९८२ मध्ये. ‘छायागीत’, ‘चित्रहार’, ‘शब्दांच्या पलीकडले’ यांच्या जुन्या भागांची घरगुती चित्रफीत मिळण्याची शक्यता कमीच, कारण तेव्हा व्हीसीआर घरात नव्हते. त्या काळचे सापडलेच तर टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेला आवाज सापडेल. त्याकडे पुढे येऊ.

गोळा करणे

गोव्यात कॅसेटी फेकल्या जातात त्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, साफसफाईत. म्हणून आषाढातच नातेवाईक, शेजारी, भजनी मंडळ, गावच्या नाट्यमंडळाचे पेटीवाले अशांना सांगून ठेवा. जुने व्हिडिओ भाड्याने देणारे दुकानदार सापडले तर त्यांना आधी विचारा. न चालणारे व्हीसीआरसुद्धा त्यांच्याकडेच मिळतात आणि सुट्या भागांना उपयोगी पडतात.

कॅसेट ताब्यात घेताना मालकासमोर तीन गोष्टी करा. खोका आणि कॅसेट यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मागच्या कडेचा मुद्रणरोधक चौकोनी तुकडा शाबूत असेल तर स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी काही पुसणार नाही. आणि विचारा, मुद्रण कुठे झाले? गोव्यातल्या घरात सापडलेली कॅसेट गिरगावच्या मामाने मुंबईत भरून पाठवलेली असू शकते, आणि मग तिच्यावरच्या स्थानिक जाहिराती मुंबईच्या असतात.

लेबलवर जे लिहिले आहे ते जसेच्या तसे, चुकांसकट उतरवा, पण पुरावा म्हणून त्याला फार भाव देऊ नका. एकाच कॅसेटीवर चार वेळा मुद्रण झाले तरी लेबल पहिल्या वेळचेच राहते.

बुरशी

खिडकीतून रिळाकडे तिरक्या उजेडात पाहा. फितीच्या कडेवर पांढरी पूड, जाळे किंवा राखाडी ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट ‘एकदा लावून बघू’ म्हणून मशीनमध्ये घालू नका. बीजाणू हेडवर आणि मार्गिकेवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागतात. शिवाय चिकटलेला पदर सुटताना फीत कडेने फाटते.

बुरशी लागलेल्या कॅसेटी वेगळ्या खोलीत ठेवा. २० ते २५ लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात वीसेक कॅसेटी उभ्या रचा, २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल जाळीच्या पिशवीत घाला आणि आत स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० टक्क्यांच्या आसपास आला पाहिजे. पावसाळ्यात गोव्यातली हवा ८५-९० टक्क्यांवर असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जेलचा रंग दोन-तीनदा बदलेल. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की ते पुन्हा वापरता येते. उन्हात कॅसेट वाळवू नका, केस वाळवण्याच्या यंत्राचा गरम झोतही नको. कवच वाकते आणि रिळे घासू लागतात.

तीन-चार आठवड्यांत बुरशी कोरडी होऊन पुडीसारखी सुटते. मग एन-९५ मास्क लावून, उघड्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) किंवा अंगणात बसून काम करा. व्हीएचएस कॅसेटच्या तळाला पाच स्क्रू असतात. कॅसेट उलटी धरून ते काढा, मग सुलटी करून वरचे झाकण उचला. आत रिळांचा लॉक आणि दोन लहान मार्गदर्शक रोलर सुटे असतात. उघडल्या उघडल्या फोटो काढा, नाहीतर परत बसवताना फीत कोणत्या खिळ्याच्या आतून जाते यावरच तास जातो. रिळांच्या बाजूवरची पूड तंतू न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने पुसा. रिळे दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवा, त्यासाठी बिनकामाच्या सिनेमाच्या कॅसेटी हाताशी असाव्यात. फितीच्या चकचकीत पृष्ठभागावर अल्कोहोल ओतू नका. फारच चिकटले असेल तर कापड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओले करून तेवढ्याच जागी टेकवा आणि फीत पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळू नका.

बुरशीच्या कॅसेटींसाठी एक जुना व्हीसीआर बाजूला काढा आणि तो कायम त्याच कामाला ठेवा. अशी कॅसेट दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नसते, म्हणून पहिल्याच फेरीत उतरवून घेण्याची सगळी तयारी असली पाहिजे.

उतरवण्याचे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत करावे. हवा कोरडी, वीज बरी. चवथीपूर्वी गोळा केलेल्या कॅसेटींना दिवाळीपर्यंत डब्यात सुकायला वेळही मिळतो.

व्हीसीआर

बंद पडून दहा वर्षे झालेला व्हीसीआर लावला की दोनपैकी एक होते: रबरी पट्टे ढिले पडल्यामुळे कॅसेट आत जाते आणि बाहेर येत नाही, किंवा फीत ड्रमभोवती गुंडाळली जाते पण पिंच रोलर (फीत दाबून पुढे ओढणारा) पकडत नाही आणि फितीचा गुंता होतो. म्हणून पहिली कॅसेट नेहमी टाकाऊ असावी. ती दोन्ही बाजूंना पूर्ण धावली, पाच मिनिटे नीट चालली आणि सुरकुती न पडता बाहेर आली, तरच पुढे जा.

हेड साफ करताना चित्राचे हेड आणि आवाजाचे हेड यांत फरक करा. चित्राची हेडे फिरत्या ड्रमवर असतात आणि त्यांची टोके केसापेक्षा नाजूक. तिथे कापसाची काडी वापरू नका, धागे अडकतात. साबराच्या चामड्याची काडी किंवा साधा पांढरा कागद ९९ टक्के अल्कोहोलने ओला करून ड्रमवर आडवा टेकवा, हात स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग फिरवा. काडी वर-खाली हलवली की टोक तुटते, मग तो व्हीसीआर फक्त सुट्या भागांपुरता. आवाजाच्या स्थिर हेडला आणि कॅपस्टनला, म्हणजे फीत ओढणाऱ्या धातूच्या दांडीला, कापूस चालतो. पिंच रोलर रबराचा आहे. त्याला वारंवार अल्कोहोल लावले तर तो कडक होतो, साबणाच्या पाण्याचे ओले कापड पुरे.

कॅसेट पाल (भारतातली टीव्ही प्रणाली) आहे की एनटीएससी (अमेरिकेतली) हेही आधी ठरवा. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली एनटीएससी असेल. आखातातून आणलेले बरेच व्हीसीआर बहुप्रणालीचे होते, ते दोन्ही वाचतात. चित्र कृष्णधवल दिसले म्हणून लगेच ‘१९८२ पूर्वीचे’ असे लिहू नका. प्रणाली चुकली, केबल सैल असली किंवा एस-व्हिडिओचा सिग्नल पिवळ्या सॉकेटातून नेला तरी रंग जातो. दुसऱ्या मशीनवर पाहिल्याशिवाय रंगावरून तारीख काढणे धोक्याचे.

ट्रॅकिंग, म्हणजे हेड फितीवरच्या मुद्रणाशी जुळवणे, एकदा लावून विसरायचे नाही. एका कॅसेटीवर तीन घरच्या तीन मशीनांचे मुद्रण असू शकते, कार्यक्रम बदलला की ट्रॅकिंग बदलते. चित्राच्या अगदी तळाशी थरथरणारी पट्टी दिसते ती हेडची अदलाबदल. तो बिघाड नव्हे, ती तशीच राहू द्या. आवाजात गुरगुर असेल तर हाय-फायऐवजी साधा मोनो ट्रॅक निवडा, घरगुती मुद्रणात तो बहुधा जास्त भरवशाचा.

उतरवणे

व्हीसीआरमधून चित्र घ्या ते पिवळ्या कॉम्पोझिट सॉकेटातून, असल्यास एस-व्हिडिओतून. अँटेनाच्या आरएफ सॉकेटातून कधीच नको. मध्ये टाइम बेस करेक्टर असला तर वाकड्या उभ्या रेषा सरळ होतात आणि चौकटी गळत नाहीत. तो महाग पडतो. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर सिग्नल नुसता त्यांच्यातून पुढे नेला तरी बरेच काम करतात. जुन्या सामानाच्या बाजारात दिसले तर घ्या.

कॅप्चरची मांडणी अशी ठेवा: पाल-बी, ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चौकटी, इंटरलेस्ड (एक चौकट दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डांत) जसेच्या तसे, रंग ४:२:२, आवाज ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, पीसीएम. व्हर्च्युअलडब किंवा अमारेकटीव्ही हे काम नीट करतात. मूळ प्रत हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या बिनतोट्याच्या कोडेकमध्ये ठेवा. काहीच न दाबता ठेवले तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात, एफएफव्ही१मध्ये साधारण ३० जीबीच्या आसपास. म्हणजे ई-१८० ही तीन तासांची कॅसेट सुमारे ९० जीबी, आणि १ टीबीच्या डिस्कवर दहा कॅसेटी. एवढी जागा नसेल तर डीव्ही हा मधला मार्ग, तासाला १३ जीबी. सरळ एमपी४ मध्ये उतरवणे म्हणजे मूळ प्रत न ठेवणे, हे समजून करा. पाहण्यासाठीची हलकी एमपी४ प्रत नंतर बनवता येते आणि डीइंटरलेस करायचे ते त्याच प्रतीत. हलत्या चित्रात माणसे मागे-पुढे थरथरली तर फील्डचा क्रम उलटा झाला आहे: साध्या कॅप्चरमध्ये बहुधा वरचे फील्ड आधी असते, डीव्हीमध्ये खालचे.

तीन तासांत २,७०,००० चौकटी व्हायला हव्यात. सॉफ्टवेअर दाखवते तो गळलेल्या चौकटींचा आकडा प्रत्येक कॅसेटीपुढे लिहा. ओठ आणि सूर हळूहळू सुटत जाणे हे स्वस्त यूएसबी डोंगलचे नेहमीचे दुखणे. कॅसेटच्या सुरुवातीला जुळलेले असते आणि दुसऱ्या तासाला गायकाचे तोंड मिटल्यावर तान ऐकू येते. असे झाले तर संपादनात आवाज ओढून-ताणून बसवू नका, कॅसेट पुन्हा उतरवा. संगणक आणि व्हीसीआर दोन्ही यूपीएसवर असू द्या. गोव्यात दोन सेकंदांचा झटका रोजचा, आणि फीत ड्रमभोवती असताना वीज गेली तर ती तिथेच चुरगळते.

शेवटचा मुद्दा सर्वात जास्त विसरला जातो. कार्यक्रम संपून मुंग्या आल्या म्हणून थांबू नका. आधीच्या मुद्रणाचे शेपूट कॅसेटच्या शेवटी उरलेले असते. दहा-पंधरा मिनिटांचे ते शेपूट कधीकधी वरच्या मुद्रणापेक्षा पाच वर्षे जुने निघते.

आवाजाच्या कॅसेटी

टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या सी-६० आणि सी-९० कॅसेटींत कुकरची शिट्टी, शेजाऱ्याचे कुत्रे आणि मधेच ‘आवाज वाढव गो’ हे सगळे असते. ते काढून टाकू नका. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये उतरवा, डॉल्बी बंद. प्रत्येक कॅसेटीसाठी हेडशेजारच्या लहान स्क्रूने अझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन, जुळवा: आवाज मोनो करून ऐका, झांज आणि ‘स’चा उच्चार सर्वात स्वच्छ लागतो तिथे थांबा.

वेग बरोबर आहे का, हे विजेच्या गुणगुणीवरून ठरवायचा मोह होतो, कारण ती ५० हर्ट्‌झची असते. पण त्या काळी आपल्या वीजजाळ्याची वारंवारता बरीच खाली-वर व्हायची, म्हणून तो आधार कच्चा. त्याऐवजी कार्यक्रमाचे शीर्षकसंगीत व्हिडिओ कॅसेटीवर असेल तर त्याच्याशी पट्टी लावून पाहा. अर्ध्या स्वराचा, म्हणजे सा ते कोमल रे एवढा, फरक निघाला तर वेग सुमारे सहा टक्के चुकला आहे. पेटीवाल्याला जवळ बसवले तर हे काम पाच मिनिटांचे.

तारीख काढणे

आता खरी मजा. उतरवलेल्या फाइलचा प्रत्येक मिनिट पाहून चार गोष्टी टिपा: पडद्यावरचे चिन्ह, जाहिराती, बातम्या आणि निवेदकाचे शब्द. मग प्रत्येक खुणेवरून ‘यापूर्वी नाही’ आणि ‘यानंतर नाही’ अशा दोन तारखा लिहा. एका खुणेवरून तारीख सापडत नाही. दोन बाजूंनी भिंती सरकवत आणल्या की मधली जागा अरुंद होत जाते.

गोव्याच्या कामी येणाऱ्या काही भिंती: बातम्यांत ‘गोवा, दमण आणि दीव’ असा केंद्रशासित प्रदेश येत असेल तर ते ३० मे १९८७ पूर्वीचे, कारण त्या दिवशी गोवा घटकराज्य झाले. इंग्रजी पाटीवर ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा १९९५ किंवा त्याआधीचे, पण जाहिरातदार जुने नाव बराच काळ चालवत राहिले, म्हणून ही भिंत मऊ. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावत असल्याचा उल्लेख असेल तर २६ जानेवारी १९९८ नंतरचे. किमतीपुढे रुपयाचे नवे चिन्ह असेल तर जुलै २०१० नंतरचे. निवेदकाने ‘आज दसरा’ किंवा ‘उद्या चतुर्थी’ म्हटले तर त्या-त्या वर्षांची पंचांगे उघडा आणि कार्यक्रमाच्या वाराशी ताडून पाहा. वार आणि तिथी दोन्ही जुळणारी वर्षे फार थोडी निघतात. एवढा एकच उपाय करायला वेळ असेल तर हाच करा. मात्र विशेष भाग आधीच ध्वनिमुद्रित असतो आणि सणाच्या आसपास दाखवला जातो, तेव्हा ‘आज’ या शब्दाला दोन-तीन दिवसांची सूट द्या.

मुद्रणाची तारीख, पहिल्या प्रसारणाची तारीख आणि पुनःप्रसारणाची तारीख या तीन वेगळ्या ठेवा. घरची कॅसेट बहुतेकदा दुपारच्या पुनःप्रसारणाची असते, रात्री सगळे जेवत असतात म्हणून. मधल्या जाहिराती पुनःप्रसारणाचा काळ दाखवतात, स्पर्धकांची यादी पहिल्या प्रसारणाचा.

वृत्तपत्रांशी पडताळा

अंदाज दोन-तीन महिन्यांपर्यंत आला की ग्रंथालयात जा, त्याआधी नको. पणजीत पाटोला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मूळ स्थापना १८३२ची. तिथे वृत्तपत्रांचे जुने अंक कसे आणि कोणत्या वेळेत पाहायला मिळतात ते आधी विचारून घ्या. गोव्यातली मराठी दैनिके, ‘गोमन्तक’, ‘राष्ट्रमत’, ‘नवप्रभा’, यांच्यातल्या कार्यक्रमपत्रिका पाहा. वाहिनीच्या हिंदी कार्यक्रमांसाठी इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ही चाळा. टिपताना दैनिकाचे नाव, तारीख, पान आणि आवृत्ती या चारही गोष्टी लिहा.

पत्रिकेत छापले म्हणजे दाखवले असे नव्हे. राष्ट्रीय दुखवट्यात दूरदर्शन मनोरंजनाचे कार्यक्रम रद्द करायचे. इंदिरा आणि राजीव गांधी यांच्या हत्यांनंतर, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८४ किंवा २१ मे १९९१ नंतरच्या दिवसांची पत्रिका आधीच छापून गेलेली असेल, पण पडद्यावर गंभीर वाद्यसंगीत होते. क्रिकेटचा सामना लांबला की तेच. पत्रिका हा अर्धा पुरावा, कॅसेट हा दुसरा अर्धा.

इंटरनेटवरच्या भागसूच्या वापरा, पण त्या एकमेकींची नक्कल असतात हे धरून. तीन संकेतस्थळांवर एकच तारीख असेल तरी ती एकच साक्ष. प्रसार भारतीने आणि वाहिन्यांनी यूट्यूबवर टाकलेले भाग चित्र म्हणून उत्तम, पण त्यांतल्या जाहिराती आणि पाट्या कापलेल्या असतात, तारखेला निरुपयोगी.

माणसांना विचारणे

गोव्यात प्रत्येक गावात टीव्हीवर गाऊन आलेला कुणीतरी असतो, किंवा त्याची मावशी असते. ‘कोणत्या वर्षी?’ असे थेट विचारले की उत्तर गोल आकड्यात येते, ‘नव्वद साली’. त्याऐवजी आठवणीला टेकू द्या: तेव्हा घरात फोन होता का? तुमची दहावी झाली होती? मुंबईला बसने गेलात की कोकण रेल्वेने? नेसलेली साडी कोणत्या लग्नातली? शेवटच्या प्रश्नावर काकूंकडून मिळालेली तारीख लग्नपत्रिकेवर पडताळता येते.

गायकांपेक्षा वादकांना विचारा. तबलजी किंवा सिंथेसायझरवाला पूर्ण पर्वभर बसलेला असतो. दिवसाला किती भागांचे ध्वनिमुद्रण व्हायचे, वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवत होता की आधी भरलेल्या ट्रॅकवर गायचे, ते कधी बदलले, हे त्यालाच माहीत. कार्यक्रमाचा खरा इतिहास या बदलांत असतो, विजेत्यांच्या यादीत नव्हे. बोलणे ध्वनिमुद्रित करताना सुरुवातीलाच नाव, तारीख, ठिकाण आणि वापरायची परवानगी त्यांच्याच तोंडून घ्या. कॅसेट आधी दाखवून मग प्रश्न विचारू नका. आधी आठवण घ्या, मग कॅसेट दाखवा आणि दोन्हींतला फरक लिहून ठेवा.

तक्ता

एका भागाला एक ओळ. रकाने: कार्यक्रम, पर्वाचे सुरुवातीचे वर्ष, सूत्रसंचालक, परीक्षक, गायक, गाण्याचा मुखडा, वादक, ध्वनिमुद्रणाचे ठिकाण, प्रसारणाची लवकरात लवकर तारीख, उशिरात उशिरा तारीख, पुराव्याचा दर्जा, कॅसेटचा क्रमांक आणि फाइलमधली वेळ. दर्जा तीनच ठेवा. ‘अ’ म्हणजे कॅसेट आणि छापील पत्रिका दोन्ही, ‘ब’ म्हणजे एकच, ‘क’ म्हणजे नुसती आठवण. रिकामा रकाना रिकामाच राहू द्या. अंदाजाने भरलेली तारीख सहा महिन्यांनी तुम्हालाच खरी वाटू लागते.

फाइलींची नावे रोमन लिपीत, मधे मोकळी जागा न सोडता, घराचा क्रमांक आणि कॅसेटचा क्रमांक एवढ्यावर ठेवा. त्यात तारीख घालू नका, कारण ती बदलणार आहे. व्यक्तींची नावे मात्र देवनागरीत आणि पडद्यावर दिसली त्याच लेखनात, शेजारच्या रकान्यात रूढ लेखन. वैशाली माडे जुन्या पाट्यांवर भैसने आहे, शोधताना दोन्ही लागतील.

काय प्रसिद्ध करता येते

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारकाचा हक्क प्रसारणाच्या पुढच्या वर्षापासून २५ वर्षे चालतो, कलाकाराचा ५० वर्षे, ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांवरचा ६० वर्षे. म्हणजे १९९५ च्या भागावर प्रसारकाचा हक्क २०२० अखेर संपला असे दिसले, तरी आतली गाणी, कलाकार आणि कार्यक्रमाचे चित्रमुद्रण यांवरचे हक्क शिल्लक आहेत. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या संशोधनासाठी मुद्रण करायला कायद्यात वाट आहे. पूर्ण भाग यूट्यूबवर चढवायला नाही, आणि चढवलाच तर ओळखप्रणाली तो गाण्यावरून पकडते. तक्ता, तारखा, पाट्यांचे वर्णन आणि मुलाखती तुमच्या आहेत, त्या खुशाल छापा. घरगुती मुद्रणात मधेच कुणाचे डोहाळजेवण किंवा मुंज आली असेल तर तो भाग मूळ प्रतीत ठेवा, बाहेर जाणाऱ्या प्रतीत नको.

डिस्कच्या दोन प्रती दोन गावांत ठेवा, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलीवरून निघणारा पडताळणीचा आकडा) तक्त्यात नोंदवा, म्हणजे वर्षाने बिघाड झाला तर कोणती प्रत शाबूत हे कळेल. मूळ कॅसेट पूर्ण एका बाजूला गुंडाळून, खोक्यात उभी, सिलिका जेलच्या डब्यात घालून मालकाला परत द्या. जेलचा रंग उतरला की काय करायचे याची चिठ्ठी झाकणाच्या आतून चिकटवा, आणि सोबत त्या घरच्या कॅसेटींची छापील सूची.